नवशिक्यांचं गार्ड

रिटायर झाल्यापासून आमचे हे गॅरेजमधले मोठे सुतार झालेत. लाकूड कापायच्या मशीनचं गार्ड काढून त्यात खिळे ठेवतात आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा कपाळावर मिरवतात.

समोर नवीन राहायला आलेल्या मास्तरांनीही तसलंच मशीन घेतलं. काल ते बिचारे यांना विचारायला आले, "पात्यावरचं गार्ड राहू द्यावं ना? अपघात होतात म्हणे."

हे असे हसले, जणू मास्तरांनी दुधाची बाटलीच मागितली. "गार्ड नवशिक्यांना लागतं, मास्तर! अपघात काय, बोटांवर मोजण्याइतके होतात."

आणि ऐटीत उजवा हात वर केला.



मास्तरांनी त्या हातावरची बोटं मोजली. तीनच भरली.