चार वाटाणे

मुलांनो, डोळ्यांसमोर एक स्पीकर आणा. समोर चार मोठे गोल पडदे आणि वर सोनेरी अक्षरांत ‘पाच हजार वॅट’. आकडा छापायला फक्त शाई लागते, हे लक्षात असू द्या.

चांदूर बाजारात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या सहदेवने तो घेतला, कारण त्याचा घसा बसला होता आणि डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली होती. पण स्पीकरचा आवाज शेजारच्या गल्लीतही पोचेना. दुसऱ्या दिवशी तो आपल्या मुलीला, आचलला, घेऊन दुकानात परत गेला.

“तुमचे कानच खराब असतीन, भाऊ. पाच हजार वॅट कोनाले म्हन्तेत, माईत हाय काय?” दुकानदार हसला.

आचल सहावीत होती. पडदा हलून हवा ढकलतो तेव्हाच आवाज निघतो, एवढं ती शाळेत शिकली होती. तिने स्पीकर पाठीवर झोपवला, पिशवीतल्या शेंगा सोलून प्रत्येक पडद्यावर एकेक वाटाणा ठेवला आणि गाणं लावलं. एक वाटाणा टणाटण उडू लागला. बाकीचे तीन जागेवरच बसून राहिले.

“काका, हे तीन काहून नाई हालून राह्यले?”

“ते शोभेचे हायेत. सगळेच लावतेत. अन् विकलेला माल वापस होत नाई, पोरी.”

आचलने शांतपणे मान डोलावली.



मग ती दुकानाच्या पायरीवर गेली आणि एकाही वॅटशिवाय अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, “या हो या, स्पीकरच्या चारातले तीन पडदे शोभेचे हायेत, वाटाना ठेवून पाहून घ्या!”