मेल येऊ नये म्हणून

"चाचणीला खोटा पत्ता टाक आणि मोकळी हो बाई," नागभूषण म्हणाला. तो वनजाक्षीचा साहेब.

ती ऐकेना. "खोट्या पत्त्यावर मेल गेला नाही, यात काय मोठं, सर? खऱ्या पत्त्यावर जायला नको."

म्हैसूरच्या या कचेरीत हॉस्पिटलासाठी सॉफ्टवेअर बनत होतं. किडनीची वाट पाहणाऱ्यांची यादी, आणि पाळी आली की त्या माणसाला मेल. गेल्या महिन्यात चाचणीसाठी वनजाक्षीने खरी यादी जशीच्या तशी उतरवून घेतली आणि पत्ते बदलायचेच विसरली. असली चूक याच धंद्यात होते. इथे तिने बटण दाबलं, तिकडे गुंडलुपेटचे पुट्टस्वामी अज्जा पहिली बस पकडून हॉस्पिटलच्या दारात हजर. कसली किडनी अन् कसलं काय! दिवसभर बाकावर बसून म्हातारा परत गेला. तेव्हापासून त्याचा एकच हेका, आता खरा मेल आला तरी मी येणार नाही. हॉस्पिटलवाले समजावून थकले.

वनजाक्षीला तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. चार दिवस खपून तिने चाचणीपुरता वेगळा मेल सर्व्हर उभा केला. चाचणीतला प्रत्येक मेल त्यात पडायचा आणि तिथेच राहायचा. निदान राहायला हवा होता.

तिने अज्जांना फोन लावला.

"कोण? ती मेलवाली पोरगी? आज काय, डोळे मिळाले की काय मला?"

नागभूषणने हसू दाबलं. वनजाक्षीचं तोंड एवढंसं झालं.

"अज्जा, चूक माझी होती, हॉस्पिटलची नाही. आज तुमच्या नावाने तोच मेल परत सोडते. माझं काम नीट झालं असेल तर तो तुमच्यापर्यंत पोचणार नाही. बघता का?"

"आणि पोचला तर?"

"तर हव्या तेवढ्या शिव्या घाला."

"शिव्या काय, आत्ताही घालतो. सोड."

तिने बटण दाबलं. तिच्या सर्व्हरच्या पेटीत लगेच ओळ उमटली: 'पुट्टस्वामी, किडनी मिळाली आहे, ताबडतोब या.' अडकला! पण एखादी प्रत निसटली नसेल कशावरून?

"आला, अज्जा?"

"नाही."

दोन मिनिटं गेली. "आता?"

"नाही म्हटलं ना. जेवलीस का?"

"जेवायचंय अजून."

"दोन वाजले की! डब्यात काय आहे?"

"बिसिबेळे भात."

"गार झाला असेल मेला."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. नागभूषणसुद्धा खुर्ची ओढून शेजारी बसला. तिकडे काही म्हणजे काही आलं नाही.

"अज्जा," वनजाक्षी म्हणाली, "आता माझ्या चाचणीतलं काहीच तुमच्याकडे येणार नाही. इथून पुढे जे येईल ते हॉस्पिटलचं. खरं."

पलीकडे खट्ट झालं. फोन ठेवला की काय, असं तिला वाटलं. मग लांबून म्हाताऱ्याचा आवाज आला. तो बायकोला हाक मारत होता.

"अगं ए, ऐकलंस का? माझी पिशवी परत भरून ठेव. आणि निळा स्वेटर टाक, त्या हॉस्पिटलात फार गारठा असतो."