वस्तादांच्या गोळ्या

“यात तसलं काही नाही,” क्षमा म्हणाली.

जोतिबानं तिच्या हातातला कागद ओढून घेतला. इंग्रजी त्याला धड वाचता येत नव्हतं. तरी तो त्या उभ्या रेघांकडे डोळे फाडून बघत राहिला. क्षमा ही त्याच्या तालमीतल्या शौनकची बहीण. पुण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथलं मोठं यंत्र रेणूंचं वजन मोजून औषध कुठलं ते ओळखायचं.

“परत बघा. वस्तादांनीच घातलंय ह्यात.”

“तीन गोळ्या वेगवेगळ्या तपासल्या. तिन्हींत नुसतं कॅल्शियम. तुमच्या लघवीत सापडलं ते औषध यात नाही.”

जोतिबानं कागद चुरगाळून खिशात कोंबला.

१९९६ सालच्या स्पर्धेत त्याच्या लघवीत ताकद वाढवायचं बंदी असलेलं औषध सापडलं होतं. दोन वर्षं कुस्ती बंद झाली. ज्यांनी त्याला आटपाडीभर खांद्यावर मिरवलं, तेच त्याला चोर म्हणू लागले. आणि त्याला रोज सकाळी गोळी देणारा माणूस एकच होता. लालासाहेब वस्ताद. मूळचे साताऱ्याचे. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी आटपाडीत तालीम काढली होती. जोतिबाला दहाव्या वर्षापासून त्यांनीच घडवलं.

जोतिबानं भर तालमीत त्यांच्या कानाखाली मारली. वस्तादांनी हात उचलला नाही. “उरलेल्या गोळ्या तपासून घे,” एवढंच म्हणाले. पण त्या एका फटक्यानं सगळं संपलं. लोकांनी आपापली पोरं तालमीतून काढून घेतली. महिन्याभरात तालमीला कुलूप लागलं आणि वस्ताद ट्रंक घेऊन साताऱ्याला निघून गेले.

क्षमाला भेटून जोतिबा पुण्याहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आटपाडीला घरी पोचला. त्याची आई मनुबाई भाकरी थापत होती. सहा महिने ती वस्तादांना शिव्याशाप देत होती. जोतिबाचं तोंड बघून तिनं पुन्हा सुरुवात केली.

“घावलं न्हवं? त्या लालासाहेबाचं वाटोळं हुईल बघ.”

“गप बस, आई,” जोतिबा खेकसला. “वस्तादांच्या गोळ्यांत कायबी न्हवतं. मी देवमाणसावर हात उचलला.”

मनुबाईचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती हलली नाही.

“मग मी बाजारातनं आणून तुला दुधात कुटून घालत हुते,” ती म्हणाली, “त्या अंग भरायच्या गोळ्या कसल्या रं?”