घर चालवणारा

टेम्पोने उडवल्यापासून मालनच्या उजव्या हाताची बोटं बधिर होती. वकिलांचा हिशेब सरळ होता. खानावळीला पोळ्या लाटून ती घर चालवायची, एवढं कोर्टात शाबीत झालं की विमा कंपनीकडून घसघशीत भरपाई पदरात पडणार होती.

साक्षीला नवरा उभा राहिला. कंपनीच्या वकिलाने गोडीत विचारलं, "काय मामा, घर बायकोच्या जिवावर चालायचं म्हणे?"

मागे भावकी बसली होती. नवऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "कोण म्हणतंय? ती घरीच असते. कमावतो मी!"

"आता औषधाची बिलं तेवढी मिळतील, वहिनी," तिचे वकील बाहेर पुटपुटले.

टपरीवर चहा घेताना भावकी म्हणाली, "अब्रू राखलीस गड्या!" नवऱ्याने सवयीने मालनपुढे हात केला. तिने डाव्या हाताने कमरेची पिशवी सोडली आणि पोळ्यांच्या उरलेल्या पैशांतून सगळ्यांच्या चहाचं बिल भागवलं.