डिस्क कोण फोडतं?

गाडीच्या ब्रेकच्या डिस्कला पुन्हा तडा गेला होता. काठापासून निघालेली केसाएवढी रेघ थेट मधल्या बोल्टांकडे गेली होती. नोलीनने तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. या हंगामातली ही तिसरी जोडी.

“बघ,” ती नवऱ्याला म्हणाली. “बघ तुझं कर्तृत्व.”

डेस काढलेल्या चाकाच्या जागी वाकला. “माझं? आणि तू काय फुलं वाहतेस ब्रेकवर?”

“मी शाळेची बस चालवते, डेस. मागे पोरं उभी राहून सँडविच खातात. आजवर कुणाचं सांडलं नाही.”

ट्रॅकवरच्या शेजारच्या गाळ्यातून नायरी हसली. तिचं तिमारू शहरात टायरचं दुकान होतं आणि लोकांच्या भांडणात पडायची हौसही होती. “तुमच्यातला एक जण पक्का खाटीक आहे बाई. माझ्या डिस्क दोन-दोन हंगाम जातात.”

खाटीक कोण, याबद्दल नोलीनला शंका नव्हती. डेसची बेकरी होती. पहाटेपासून पिठाची पोती उचलणारा, दांडगा, वजनदार माणूस. असा माणूस ब्रेकवर पाय ठेवणार म्हणजे लाथच मारणार. वळणाआधी गाडीचा सगळा वेग त्या दोन लोखंडी तबकड्याच गिळतात. त्या लालबुंद तापतात, निवतात, पुन्हा तापतात. दांडगाई केली की चिरतात.

चार वर्षांपूर्वी, मुलं घराबाहेर पडल्यावर दोघांनी मिळून ही जुनी लाल गाडी घेतली होती. महिन्यातल्या एका रविवारी हा शर्यतीचा ट्रॅक सगळ्यांसाठी खुला असे. वीस मिनिटांची एक पाळी मिळायची. निम्मी त्याची, निम्मी तिची. एकदा पहिला तो, एकदा पहिली ती. एक जण गाडी पळवायचा, दुसरा हेल्मेट घालून भिंतीपाशी थांबायचा. तिथून फक्त समोरचा सरळ पट्टा दिसे. बाकीचा सगळा ट्रॅक गवताच्या टेकाडामागे.

डेस नव्या डिस्क बसवू लागला. नोलीन त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि आठवडाभर मनात घोळत असलेलं एकदाचं बोलली.

“वाइमेट गावात एक निळी गाडी विकायला आहे. मी ती घेते. आपण वेगळ्या चुली मांडू.”

डेसचा पाना थांबला. “बरं,” तो म्हणाला. मग बराच वेळ एकच बोल्ट पिळत बसला. तो केव्हाच घट्ट झाला होता.

नायरीला ते बघवेना. “अगं, फाशी द्यायच्या आधी खटला तरी चालव. बस ना त्याच्या शेजारी या पाळीला. आणि डेस, डिस्क नव्या आहेत, पहिल्या दोन फेऱ्या जपून मार.”

चार वर्षांत पहिल्यांदाच नोलीन डाव्या सीटवर बसली. पट्टा आवळला, दात आवळले. दोन फेऱ्या डेसने गाडी हळूच तापवली आणि तिसऱ्या फेरीला सोडली. सरळ पट्ट्यावर कुंपणापलीकडच्या मेंढ्यांची नुसती पांढरी रेघ झाली. वळण धावत अंगावर आलं. ती लाथेची वाट बघत राहिली.

लाथ आलीच नाही. त्याचा पाय कणकेत अंगठा रुतावा तसा ब्रेकवर रुतला. एकदाच, ठाम. आणि वळण सुरू होताच तसाच अलगद सुटला. गाडीने मान झुकवली आणि वळली. पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. बसमध्ये ज्याला हा पाय लाभेल त्या ड्रायव्हरला पोरं वाढदिवसाचा केक आणून देतील, असं तिला वाटलं. ती स्वतःशीच हसली. असा देखणा पाय असलेल्या माणसाशी आपलं लग्न झालंय आणि आपल्याला पत्ताच नाही!

मग डेसने घड्याळाकडे पाहिलं. भर वेगात त्याने गाडी ट्रॅकवरून आत, गाळ्यांच्या बाजूला वळवली, शेवटचा ब्रेक करकचून दाबला आणि भिंतीपाशी थांबला. पाय पेडलवर तसाच. जळका वास आत आला.

“हे काय?” नोलीन ओरडली. “गार करायची फेरी कुठेय? शेवटची फेरी ब्रेक न लावता, सावकाश! आपलं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तापलेल्या डिस्क अशा दाबून धरल्यास तर तडकणारच!”

“माहितीये मला.”

“मग?”

डेसने हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा बेकरीच्या भट्टीसमोर होतो तसा लाल झाला होता. “ती फेरी तुझ्या वेळेतून जाते, नोल. तू त्या भिंतीपाशी उभी असतेस. या पायावरून त्या पायावर नाचत. तसं दिसलं की मला हळू चालवतच येत नाही. वाटतं, जाऊ दे डिस्क, तिला एक फेरी जास्त मिळू दे.” त्याने दार उघडलं. “चल, ये इकडे. तुझी वेळ सुरू झाली.”

“उतरू नकोस,” ती म्हणाली. “दार लाव. चल, सावकाश फेरी मारू. दोघं.”

ते निघाले. खिडक्या उघड्या टाकल्या. वायव्येचा गरम वारा आत घुसला. सगळ्या गाड्या त्यांना मागे टाकत गेल्या. नायरीने तर जाताना हॉर्न वाजवून हात नाचवला. नोलीनला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईतो ती हसली. पट्ट्यात अडकून उचकी लागेपर्यंत हसली.

“आता काय झालं?” डेसने विचारलं. “मी कबूल केलं ना? आणि ती निळी गाडी?”

“कसली निळी गाडी!” तिने डोळे पुसले. “अरे, माझी पाळी पहिली असते तेव्हा त्या भिंतीपाशी तू उभा असतोस. चार वर्षांत मी तरी कुठे एकदा ती फेरी मारलीय!”