भांडारात जागा नाही

"मानवजातीने विस्मृतीवर विजय मिळवला आहे!" पदवीदान समारंभात कुलगुरूंनी गर्जना केली आणि पुढचं वाक्य विसरले.

माहिती व्यवस्थापनात सुवर्णपदक मिळवलेल्या शर्वाणीला लगेच स्मृतिभांडारात नोकरी लागली. वारलेली माणसं तिथे यंत्रात आवाजासकट जपलेली असत. पण भांडार आता भरलं होतं. ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांना आधी पुसायचं, हा नियम शर्वाणीच्याच प्रबंधातला. पहिल्याच दिवशी पडद्यावर नाव आलं ते तिच्या वडिलांचं. प्रबंधाच्या नादात ती इकडे फिरकलीच नव्हती.

"बाबा, नियम माझाच आहे हो. मला काहीच करता येत नाही."

"मग पूस की, बाळ," यंत्रातून बाबा म्हणाले. "फक्त आधी तो यंत्रावरचा पंखा जरा कमी कर. वारा अंगावर येतोय."