शब्बाथची ड्यूटी

सलग चौथ्या शब्बाथला पनिना हॉस्पिटलात ड्यूटीवर गेली आणि एल्दादचं डोकं फिरलं. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन बंद, काम बंद आणि सगळं घर जेवायला एकत्र: त्याचे आईवडील, दोघी बहिणी, मेहुणे आणि पोरं धरून चौदा माणसं. गुरुवारपासून खपून पनिना सगळा स्वयंपाक करून ठेवायची आणि "वॉर्डात माणसं कमी आहेत" म्हणून निघून जायची.

"तुझ्या बायकोला आपल्यापेक्षा रोग्यांची माया जास्त," आईने भरल्या टेबलावर ऐकवलं.

रविवारी सकाळी त्याने थेट तिच्या हेडनर्सला, ओस्नातबाईंना फोन लावला. "आठवड्यातून एकच दिवस विश्रांतीचा. तोसुद्धा तुम्ही तिला मिळू देत नाही?"

"अहो, मी तर तिला दर शब्बाथला सुट्टीच देते," त्या म्हणाल्या. "तीच येऊन ड्यूटीला नाव लिहून जाते."

फोन ठेवून तो तणतणत आत गेला. पनिना स्वयंपाकघरात शब्बाथची खरकटी भांडी घासत होती. अजून अर्धी बाकी होती.

"माझ्याशी खोटं बोललीस," तो म्हणाला. "असं काय मिळतं तुला तिथे, जे घरी मिळत नाही?"

तिने वर न बघता पुढचं पातेलं घासायला घेतलं.



"तिथे आठ तासांनी सुट्टी होते, एल्दाद."